मसुरीवरचं धुकं

काकती गावाच्या खाली मार्कंडेय नदी वळते, तिथं मी हिवाळ्यात चित्र काढायला जाते. माझी पद्धत साधी आहे. करड्या कागदावर पातळ निळसर रंग पसरायचा, तो वाळला की पलीकडच्या काठावर पांढरा खडू आडवा घासायचा आणि बोटानं पुसायचा. धुकं तयार.

खरं तर अशा चित्रांचा मला संशयच येतो. वडगावात, माग चालवणाऱ्या वडिलांच्या घरी, मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. काय दाखवलं यापेक्षा काय झाकलं ते आधी बघ, असं ते म्हणायचे. आणि धुक्याचं तर कामच झाकण्याचं. तरी मी जाते.

गेल्या हिवाळ्यात एकदा धुकं काढून झालं आणि बाटलीतलं पाणी संपलं. नदीचा काठ चिखलानं निसरडा झालेला. शेजारच्या रानात एक बाई खुरप्यानं तण काढत, भांगलत होती आणि बांधावर तिची भरलेली कळशी होती.

"आक्का, रंगाला जरा पाणी द्या की."

"न्हाय."

माझ्या डोक्यात पहिला संशय जातीचा आला आणि मी भडकले. "का? माझ्या हातानं विटाळ होतोय?"

आक्का खुरपं घेऊनच उठली. "तुझी जात कुणी इचारली गं? कागद घिऊन आलेल्याला पाणी द्यायचं न्हाय, आसं ठरलंय गावात. मागं मोजणीवाले आलते. आमी गूळ-पाणी दिलं, आन् ते रानातनं रस्त्याच्या खुणा करून गेले."

"हा नकाशा नाही, चित्र आहे."

"तेबी म्हणालते, नुसतं बघाय आलोय."

तेवढ्यात तिचा दीर पाण्याची मोटार बंद करून आला. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. "आन् ह्यो खडू?"

"धुक्यासाठी."

"धुकं काढाय येवढी शाळा शिकलीस व्हय?"

आक्का मात्र हसली नाही. वाकून तिनं कागद नीट बघितला. "आमचं पलीकडचं रान कुठाय ह्येच्यात?"

"धुक्यात आहे."

"मसूर हाय तितं. फुलावर आलीया."

"मला दिसली नाही."

"सायबालाबी दिसली न्हाय. पडीक लिवलंय त्येनं."

जमिनीच्या हक्कावर मी तासभर बोलू शकते. त्याऐवजी मी कापडानं खडू पुसला, हिरव्या खडूनं मसुरीच्या ओळी ओढल्या, बांध काढला, बांधावरचं बाभळीचं झाडही काढलं. धुकं गेलं आणि चित्र बिघडलं. मला वाटलं, आता ती खूश होईल.

तिनं कागदावरच्या बांधाकडं बोट रोखलं. "आता तर बांधासकट काढलीस. ह्येच्यावरनं कुणालाबी माप घेता यील."

"वैनी, मग तिनं करायचं काय?" दीर म्हणाला. "न्हाय दावलं तर पडीक, दावलं तर माप."

"कागद हितंच ऱ्हाऊ दे."

कुणी कागद काढून घ्यायला लागलं की माझं डोकं फिरतं. वडिलांच्या हातातली पत्रकं हिसकावलेली मी बघितली आहेत. "माझ्यावर विश्वास नाही तुमचा?" मी विचारलं.

"तू आमची कोण गं, पोरी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. ते रान माझं असतं तर मीही माझ्यासारखीला कागदासकट सोडलं नसतं.

मी फळीवरचे चिमटे काढले आणि कागद तिच्या हातात दिला. खडू हात लागला की पुसला जातो, म्हणून तिनं तो दोन्ही कडांना धरून नेला. दिरानं मोबाईल काढला आणि बांधाजवळ लावलेल्या माझ्या स्कूटरच्या नंबराचा फोटो घ्यायला तो पुढं झाला. मी गाडी जरा वळवून धरली, नंबर नीट दिसावा म्हणून.