लीपचा फेब्रुवारी पार पडेपर्यंत

गिन्यारचं नाव काढलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण एर्मांस वहिनीची गोष्ट सांगायची तर त्याला टाळून चालायचं नाही, तेव्हा आधी त्याचंच उरकते.

फेर्नां गिन्यार म्हणजे आमच्या जू नावाच्या खोऱ्यातल्या घड्याळाच्या कारखान्याचा संचालक. माझा भाऊ आलोय्स बेर्ने त्याच कारखान्यात वरच्या माळ्यावर, हातकामाच्या कार्यशाळेत बसायचा. शाळेत दोघं एका बाकावर होते, पण गिन्यारच्या बापाकडे कारखाना होता आणि आमच्या बापाकडे चार गाई, तेव्हा पुढचं सांगायला नकोच. आलोय्स कॅलेंडरची आणि सूर्याची घड्याळं बनवायचा. मनगटावरचंच घड्याळ, पण महिना तीसचा की एकतीसचा हे त्याला आपलं आपण कळायचं, लीप वर्षाचा फेब्रुवारीसुद्धा. शिवाय त्यात एक जादा काटा, टोकाला सोन्याचा इवलासा सूर्य असलेला. खरा सूर्य काही आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही, कधी पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. तो नेमका कुठे आहे ते हा काटा दाखवायचा. त्याला फिरवणारी पितळेची एक चकती असते, घेवड्याच्या दाण्यासारखी. ती कानशीने घासत घासत आकाराला आणायची. आलोय्सकडे अशा चकत्यांचे नमुने होते, उभा जन्म घालवून जमवलेले.

मग बॅटरीची घड्याळं आली आणि खोऱ्यातले माळे एकामागून एक बंद पडायला लागले. आमचाही पडला. त्याचा मला राग नाही, धंदा आहे, बसतो कधी. पण गिन्यारने काय करावं? त्याला भीती, की ही माणसं उद्या दुसऱ्या कारखान्यात जातील आणि नमुने घेऊन जातील. त्याने सगळ्यांना अंगणात उभं केलं, प्रत्येकाच्या हातात कारखान्याचा शिक्का मारलेला हातोडा दिला आणि म्हणाला, "आपापले नमुने आपणच फोडा. आलोय्स, तू जुना माणूस, तू सुरुवात कर."

आलोय्सने फोडले. एकेक करून सगळे फोडले. मग हातोडा कोटाच्या खिशात तसाच घेऊन घरी आला, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि खिडकीपाशी बसला. त्यानंतर त्याने कानस हातात धरली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. नमुने फोडले तो दिवस होता १९८० सालचा एकोणतीस फेब्रुवारी. घाव घालणाऱ्याने दिवसही असा निवडला की दर वर्षी शिव्या घालायची सोय नाही!

आता वहिनी. एर्मांस वहिनी बोलायची कमी आणि विसरायची त्याहून कमी. खाटकाने एकदा मापात मारलं तर त्याच्या दुकानासमोरून जाणं सोडलं, मटणही सोडलं. तीही त्याच कारखान्यात होती, घड्याळातली केसासारखी स्प्रिंग बसवण्याच्या कामावर. आलोय्स गेल्यावर ती घरातल्या त्याच्या कामाच्या बाकावर बसली. मी तेव्हापासून तिच्याकडेच राहते. मी टेबलाशी बसून मुरवायच्या चीजच्या चक्क्यांना झाडाच्या सालीचे पट्टे गुंडाळायची आणि ती खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून, जुनी कॅलेंडरची घड्याळं उघडायची, जोडायची, पुन्हा उघडायची. रडली नाही. मला तर वाटायचं बाई दगडाची आहे.

काही वर्षांनी वारं फिरलं. मोठ्या लोकांना चावीच्या घड्याळांचं पुन्हा वेड लागलं. खोऱ्याबाहेरूनही लोक वहिनीकडे घड्याळं घेऊन यायला लागले. आणि निवृत्त झालेला गिन्यार पेपरात मुलाखती द्यायला लागला, "सूर्याच्या घड्याळाची कला मी जगवली." मी जगवली म्हणे! वहिनीने तो पेपर शांतपणे वाचला आणि त्यावर बटाटे सोलले.

ब्याण्णवच्या मार्चमध्ये तो आमच्या दारात उभा राहिला. मनगटावरचं घड्याळ काढून त्याने बाकावर ठेवलं. मी लगेच ओळखलं. तो संचालक झाला तेव्हा माळ्यावरच्या लोकांनी त्याला दिलेलं, अथपासून इतिपर्यंत आलोय्सच्या हातचं.

"बेर्नेबाई, बघा जरा. बंद पडलंय."

वहिनीने मागचं झाकण काढलं. "तारीख कधी बदललीत?"

"काल. झोपायच्या आधी."

"झोपायच्या आधी!" मीच ओरडले. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की रात्री तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात, तेव्हा बटणाला हात लावायचा नसतो. आणि हा कारखान्याचा संचालक दाता मोडून बसला होता.

वहिनीने विचारलं, "घड्याळ कुणाच्या हातचं, गिन्यारसाहेब?"

"म्हणजे काय? आमच्या कारखान्याचं!"

"ते झालं. हात कुणाचा?"

"माळ्यावर पुष्कळ जण होते हो," तो म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

दार लागल्यावर वहिनीने भिंग काढून ठेवलं. "लिदी, ऐकून ठेव. आलोय्सचं नाव याच्या तोंडून निघाल्याशिवाय आणि त्या दिवशी काय केलं ते याने कबूल केल्याशिवाय हे घड्याळ मी सुखासुखी देणार नाही."

"आणि त्याने पोलीस आणले तर?"

"आणू दे. नियम त्याचाच आहे."

माळ्याचा नियम होता. कॅलेंडरचं घड्याळ फेब्रुवारीची अठ्ठावीस तारीख आपल्या पायांनी पार करेपर्यंत आणि त्याचा सूर्याचा काटा खऱ्या दुपारी बारावर येईपर्यंत बाहेर जायचं नाही. गिन्यारने तो जाहिरातीत छापला होता, त्यावर नाव कमावलं होतं. घड्याळ तर वहिनीने उन्हाळ्यातच ठीक केलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारी सरला, तारखेचा काटा अठ्ठावीसवरून सरळ एकवर गेला आणि गिन्यार हजर झाला.

"हा साधा फेब्रुवारी," वहिनी म्हणाली. "लीपचा अजून पाहायचाय."

"अहो, तो तीन वर्षांनी! बटण दाबून तारखा पुढे ढकला की. तासाभरात कळेल."

"बटण दाबून काय होतं ते तुमच्या मोडक्या दात्याने सांगितलंय."

बिचारा टोपी घालून परत फिरला. बिचारा म्हणाले का मी? चुकून तोंडातून गेलं. त्यानंतर तो दर वर्षी चढण चढून यायचा, कधी वाइनची बाटली घेऊन, कधी चॉकलेटचा डबा. चॉकलेटं मी खायची, माझं कुणाशी वैर नाही. वहिनीने त्याला कॉफी विचारली नाही, खुर्ची दिली नाही. शेवटी शेवटी तो काठी टेकत यायचा आणि दाराच्या चौकटीला धरून धापा टाकायचा. वहिनी मान वर न करता दर वेळी एकच विचारायची, "घड्याळ कुणाच्या हातचं?" आणि तो दर वेळी म्हणायचा, "कारखान्याचं हो, कितीदा सांगू?"

शहाण्णवच्या मार्चमध्ये गावच्या सभागृहात त्याचा सत्कार ठरला. कला जगवणारा म्हणून! मंचावर काचेची पेटी ठेवायची आणि तिच्यात हेच घड्याळ. साऱ्या गावाला आमंत्रणं गेली. लीपचा फेब्रुवारी त्याच्या आधीच येत होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

एकोणतीस तारखेला दुपारी वहिनीने त्याला बोलावलं. आमचं घर डोंगराच्या सावलीच्या अंगाला, हिवाळाभर स्वयंपाकघरात ऊन येत नाही, ते फेब्रुवारी संपता संपता परततं. खिडकीच्या झडपेला आलोय्सने एक भोक पाडून ठेवलं होतं आणि जमिनीत एक खिळा ठोकला होता. भोकातून येणारा उन्हाचा ठिपका खिळ्यावर आला की खरी दुपार. आम्ही तिघं त्या ठिपक्याकडे बघत उभे राहिलो. ठिपका सरकत सरकत खिळ्यावर बसला. घड्याळात तारीख एकोणतीस आणि सूर्याचा काटा बरोबर बारावर, केसाचाही फरक नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"वा! पार पडलं!" गिन्यारने टाळीच वाजवली.

"बसा," वहिनी म्हणाली. पहिल्यांदाच खुर्ची दिली. "सोळा वर्षांपूर्वी याच तारखेला कुठे होतात तुम्ही?"

त्याने खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून. "सोळा वर्षांपूर्वी... फेब्रुवारीत ना? बर्फावर घसरायला गेलो असेन. का हो?"

मला राहवेना. "कारखान्याचं अंगण आठवतं का? हातोडे?"

"कसले हातोडे?"

खोटं बोलत असता तर मी त्याला तिथेच धुऊन काढलं असतं. पण त्याचा चेहरा साफ होता. माझा भाऊ ज्या दिवसापायी मेला, तो दिवस या माणसाच्या लक्षातच नव्हता! वहिनीचं तोंड पांढरंफटक पडलं. तिने घड्याळ उचललं, भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"पार नाही पडलं," ती म्हणाली.

"काय? तारीख तर बरोबर आहे!"

"तारीख आहे. सूर्याचा काटा मागे राहिला. ठिपका खिळ्यावर आला तेव्हा तो बाराला पोचला नव्हता."

"पोचला होता! मी पाहिलं ना!"

"तुमचे डोळे म्हातारे झालेत. लिदी, तू काय पाहिलंस?"

"मागे होता," मी म्हणाले. "चांगला मागे होता." आणि वर देवाशपथही म्हणाले. विचारलं तर पुन्हा म्हणेन.

"न्यायचं तर न्या," वहिनी म्हणाली, "तुमचीच वस्तू आहे. पण कुणी विचारलं तर मी सांगेन, साहेबांनी पार न पडलेलं घड्याळ काचेत ठेवलंय."

गिन्यारने हात पुढे केला, तो तसाच मागे घेतला. नियम त्याने स्वतः छापला होता. "मग आता?"

"पुढचा लीप. दोन हजार साली."

"तोवर मी कुठला असतोय!"

"मी आहे," वहिनी म्हणाली.

काठी टेकत तो उतरणीला लागला. मला तर नाचावंसं वाटत होतं. जेंशनच्या, आमच्या डोंगरातल्या कडू मुळांच्या दारूची बाटली काढायला फळीकडे गेले, मागे वळून बघते तर वहिनी घड्याळ छातीशी धरून हमसून हमसून रडत होती. ही बाई, जी नवरा गेला तेव्हा रडली नव्हती!

"अगं, काय झालं? तोंड बघितलंस ना मेल्याचं?"

"त्याच्या कामाला नाव ठेवलं गं मी," ती म्हणाली. "आलोय्सच्या कामाला. माझ्या तोंडाने."

मी दोन पेले भरले. तिने तिच्या पेल्याला हात लावला नाही.

सत्काराला वहिनी आली नाही, मी गेले. पुढच्या रांगेत बसले, मुद्दाम. मंचावर काचेची पेटी, आत मखमलीची गादी आणि गादीवर काही नाही. गिन्यार माइकपाशी उभा राहून कला कशी जगवली ते सांगत होता. तेवढ्यात मागून म्हाताऱ्या कॉन्स्तां रोशाचा आवाज आला. तोही माळ्यावरचाच, बहिरा असल्यामुळे ओरडूनच बोलतो.

"पेटी रिकामी का रे?"

"घड्याळ दुरुस्तीला आहे."

"कुणाकडे?"

"बेर्नेबाईंकडे."

"आलोय्सची बायको? मग ते आलोय्सने केलेलं का?"

गिन्यार भाषणाचे कागद चाळायला लागला. कॉन्स्तां कानामागे हात धरून उभाच. "ऐकू येत नाही! कुणी केलेलं?"

"आलोय्स बेर्नेने," गिन्यार माइकमध्ये म्हणाला.

"हां! तसं सांग की!" म्हणून कॉन्स्तां बसला. त्यानंतर गिन्यारच्या भाषणात काही राम उरला नाही.

मी घरी धावत आले म्हटलं तरी चालेल, या वयात. वहिनीला सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "नाव पूर्ण घेतलं? सगळ्यांसमोर?" मग घड्याळ पुसलं, चावी दिली आणि रुमालात बांधलं. फळीवरचा हातोडा काढून तोही माझ्या पिशवीत टाकला.

"उद्या नेऊन दे त्याला. आणि सांग, घड्याळ त्या दिवशीच पार पडलं होतं. आलोय्सच्या कामात खोट नव्हती."

"हातोड्याचं काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी गिन्यार गुडघ्यांवर घोंगडी घेऊन खिडकीत बसला होता. मी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तसा तो हळूहळू लाल झाला.

"त्या दिवशीच? मग मला दिलं का नाही? माझी रिकामी पेटी सगळ्या गावाने पाहिली! मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

मी हातोडा काढून घड्याळाशेजारी ठेवला. "आठवा. निवांत आठवा, आता तुम्हाला दुसरं काम काय आहे?"

त्याने हातोडा उचलला. दांड्यावरचा शिक्का अंगठ्याने पुसला, वाचला, पुन्हा पुसला. मग त्याचा अंगठा थांबला आणि चेहऱ्यावरचा सगळा लाल रंग उतरला. मी दार ओढून घेतलं आणि खालच्या रस्त्यावरून घरी जाणाऱ्या बससाठी निघाले.