सेवा केंद्रातला व्हायरस

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. एवढी वर्षं पोलिसात नोकरी केली, खून-दरोडे विसरलो. पण परभणीजवळच्या झरीकडच्या एका गावातला हा किरकोळ वाटणारा गुन्हा विसरता येत नाही.

गावात एक बाई दाखले काढून देण्याचं केंद्र चालवायच्या. ऐन प्रवेशाच्या दिवसांत एका सकाळी त्यांच्या संगणकावरची एकही फाईल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत धमकी, दाराशी दाखल्यांसाठी रांग. बाई रडतच ठाण्यात आल्या. दुपारी निनावी फोन आला, "केंद्रावरून काढलेल्या आपरेटरला इचारा. लय चिडलेला हाय त्यो."

आम्हाला तेवढं पुरे होतं. गुन्ह्यामागं माणूस शोधायचा आणि माणसामागं वैर, हीच आमची शिकवण. भर बाजारातून त्याला जीपमध्ये घालून आणला. तिशीचा, मेंढपाळाच्या घरातला, घरात पहिलाच शिकलेला. आठवड्यावर साखरपुडा होता. दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवला. दरडावून विचारलं, गोडीनं विचारलं. त्याचं एकच उत्तर.

"साहेब, काढलं तवा राग आला व्हता, खोटं कशाला बोलू? पण त्याच मशीनवर मी शिकलो. ते कसं बिघडवीन?"

तिसऱ्या दिवशी परभणीहून सायबर शाखेची महिला शिपाई आली. तासभर तपासून तिनं विचारलं, "बिघडायच्या आधी शेवटचा पेनड्राईव्ह कुणाचा लावला होता?"

बाई चाचरत म्हणाल्या, "तुमच्याच ठाण्याचा, साहेब."

खरं होतं. आमचा प्रिंटर कित्येक महिने बंद. लेखनिक हवालदार पंचनामे छापायला तिथंच जायचे. मराठी टायपिंगचा फॉन्ट या कचेरीतून त्या कचेरीत पेनड्राईव्हवरच फिरतो. विकत कोण घेतो? कुणीतरी तो इंटरनेटवरून फुकटात उतरवलेला, त्याच्याच पोटात व्हायरस. हवालदारांनी चांगुलपणानं बाईंना तो बसवून दिला. पोलिसाचा म्हणून बाईंनीही शंका घेतली नाही. आमच्या संगणकावर बसवायचा राहिला होता, म्हणून आम्ही वाचलो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वरिष्ठ म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. मिटवा." स्टेशन डायरीला 'संशयिताविरुद्ध पुरावा नाही' एवढं लिहून त्याला सोडलं.

निघताना तो दारात थांबला. "साहेब, पोरीकडच्यांनी सोयरीक मोडली. जीपमधी बसवताना समद्यांनी पाह्यलं. तुमी एकदा तिच्या गावाला, पेडगावला येऊन सांगता का त्यायला?"

"तसं नियमात बसत नाही," मी म्हणालो. तो पायऱ्या उतरून गेला.

व्हायरस अनोळखी माणसाकडून कमी आणि ओळखीच्या, भरवशाच्या हातून जास्त येतो, हे पुढं मी कितीतरी शाळांत सांगितलं. टाळ्याही मिळाल्या. नियमाचं मात्र मी खोटं बोललो होतो. पेडगाव काही लांब नव्हतं, जीपही होती. पण तो निर्दोष आहे हे सांगायला गेलो असतो, तर दोष कुणाचा हेही सांगावं लागलं असतं.