मोटारीला वास नव्हता

काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीतून पेट्रोल गळत होतं. त्या वासाने मला तळवली गावातली एक सकाळ आठवली.

माझी थोरली मुलगी मंदा पहिल्या बाळंतपणाला आली होती. कळा सुरू झाल्या म्हणून तिला दिराच्या जुन्या मोटारीत बसवलं. दीर चावी फिरवायचा, इंजिन नुसतं घर्र घर्र फिरायचं, चालू काही होईना. बॅटरी ठीक होती. त्याने प्लग काढून पुसले, परत लावले, तरी तेच. मागे मंदा कण्हत होती.

मी उघड्या बॉनेटखाली वाकून हुंगलं. "भावजी, येवरा वेल फिरवताव, मंग पेटरोलचा वास कसा नाय?"

"वयनी, ही मोटार हाय, तुजा स्टोव नाय!"

माझ्या डोक्यात स्टोव्हच होता. पंप मारूनही रॉकेलचा वास आला नाही, तर तेल वर चढत नाही, एवढं मला कळत होतं.

"नली काडून बगा तरी!" मी ओरडले.

त्याने इंजिनाकडे जाणारी नळी काढली. ती कोरडी होती. अलीकडची गाळणी गंजाच्या गाळाने भरली होती. ती फुंकून साफ केली, तेव्हा कुठे इंजिन चालू झालं. दवाखान्यात पोचलो आणि तासाभरात मंदाला मुलगी झाली.

पुढे दीर सगळ्यांना सांगायचा, बिघाड त्याने स्वतःच शोधला. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, रागावण्यापेक्षा इंजिनातल्या बाकीच्या नळ्या कशाच्या आहेत ते त्याला विचारायला हवं होतं. मला ते अजून माहीत नाही.