परत म्हणजे किती परत?

काचेच्या कारखान्यात तिला सगळे दिवावाली म्हणत. उजेडाच्या पेटीसमोर बाटली फिरवायची, तडा किंवा बुडबुडा दिसला की बाजूला काढायची. सव्वीस वर्षं ती हेच काम डोळ्यांत तेल घालून करत होती.

एके सकाळी फाटकावर नोटीस लागली : ‘कारखान्याचे विराष्ट्रीयीकरण होत आहे. कामगारांनी संमतिपत्रावर सह्या कराव्यात.’ शब्द वाचतानाच जिभेला गाठ पडत होती.

“अहो, खासगीकरणच ते,” भट्टीवाला म्हणाला. “करा सही, व्हा मोकळ्या.”

“मग तसंच का नाही लिहिलं?”

संध्याकाळी तिने वाचनालयात जाडजूड शब्दकोश उघडला. ‘सरकारने पूर्वी ताब्यात घेतलेला उद्योग परत खासगी मालकीत देणे.’ ‘परत’वर तिचं बोट अडलं. सरकारने कारखाना घेण्याआधी तिच्या सासूबाई तान्ह्या लेकराला पाठीला बांधून बाटल्या धूत. पाळणाघर सरकारने सुरू केलं. आता तिची सून बाटल्या खोक्यांत भरायच्या विभागात होती आणि नातू त्या पाळणाघरात.

दुसऱ्या दिवशी ती थेट व्यवस्थापकांपुढे उभी राहिली. “साहेब, परत म्हणजे किती परत?”

“बाई, शब्दाचा कीस कशाला काढता?”

“सही माझी, तर कीसही मीच काढणार.”

त्यांनी नाइलाजाने नव्या मालकांकडे जाणाऱ्या गोष्टींची यादी दाखवली. भट्ट्या, गोदामं, जमीन, सगळं होतं. पाळणाघर नव्हतं. “ते सरकारी योजनेतलं,” ते पुटपुटले. “सरकारबरोबर जाईल.”

मग पाळी सुटायच्या वेळी ती रोज फाटकाशी उभी राहू लागली. येईल त्याला शब्दाचा अर्थ सांगायची. भट्टीवाला आधी हसला, “मास्तरीण झालात की!” पण घरी त्याच्या स्वतःच्या सुनेने फैलावर घेतल्यावर तोही शेजारी येऊन उभा राहिला. सह्यांचं टेबल ओस पडलं.

नवव्या दिवशी नव्या मालकांचा वकील आला. पाळणाघराचं कलम टंकून आणलं होतं. तिने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, शिक्का तपासला आणि मगच सही केली.

पाळणाघर टिकलं. कारखान्याच्या दवाखान्याचे तास मात्र अर्ध्यावर आले. ते कलम तिच्या नजरेतून निसटलं होतं आणि ही गोष्ट तिला फार लागली. चार दिवस ती सगळी कलमं पुन्हा ओळीओळीने वाचत राहिली. पाचव्या दिवशी तिने भट्टीवाल्याला गाठलं.

“दवाखान्याच्या तासांसाठी उद्या साहेबांकडे जायचंय. येताय ना?”

“मी नाही म्हटलं तर ऐकणार आहात का?”

“नाही,” ती म्हणाली.