फोटोतली पट्टी

भावाच्या डायलिसिसला मी सोबत जातो. शेजारच्या खाटेवर एक काका असतात. त्यांचे रक्त मशीनमधून फिरत असताना काकू उशाशी बसून उन्हाळ्यातल्या अंदमानचा बेत आखतात.

“तिथं मशीन आहे का, विचारलंस?”

“विचारते. आधी हे बघा.”

फोनवर मागच्या उन्हाळ्यातला दीवचा फोटो होता. दोघे हात धरून उभे, मागे समुद्र, काकांच्या मनगटावर सुईची पांढरी पट्टी. काकूंनी फोटोतले नको ते पुसायचे बटण दाबून पट्टीवरून बोट फिरवले. ती गेली आणि तिथे पाणी आले. फोन रिकामी जागा ठेवत नाही. शेजारचे उचलून भरतो. सहलीचे बेतही असेच भरले जात असावेत. नको ते पुसायचे आणि तिथे समुद्र ओढून आणायचा. हे सांगून कुणाचे काही भले होणार नव्हते.

“अहो, पट्टीबरोबर हातही गेला,” काकू म्हणाल्या. फोटोत दोघांच्या मधे आता नुसता समुद्र होता.

काकांनी मान वळवून पाहिले. “राहू दे. पाणी छान आलंय. तू जाऊन ये या वेळी.”

काकूंनी मागे जाण्याचा बाण दाबला. हात परत आला, पट्टीसकट.