बापटांच्या सेटला पहिलं उत्तर

जुना रेडिओ सेट घरी आणला की त्याच्यामागून किस्से येतात, आणि सेट भंगारात गेला तरी ते जात नाहीत. माझ्याकडचे निम्मे बापटांचे. मी कलकत्त्यातच जन्मलेला शाळामास्तर, बापट बदलीवर आलेले बँकेतले साहेब. दोघांकडे हॅम रेडिओचं लायसन्स, म्हणजे घरबसल्या अनोळखी माणसांशी संदेशांतून गप्पा मारायची सरकारी परवानगी. यंत्रं मात्र भंगारातलीच परवडायची.

चांदणी मार्केटात घोषदा लष्कराने काढून टाकलेले सेट किलोवर विकायचे. एक रिसीव्हर, म्हणजे संदेश ऐकायचं यंत्र, बघून बापट हरखून गेले! तरी हिशेब सुचलाच. त्यांनी बाहेरची जाड लोखंडी पेटी उतरवली आणि आतलं यंत्र तेवढं तोलून घेतलं. घरी पेटीविना स्टेशन जागेवर ठरेना, कुणी शेजारून गेलं तरी आवाज पळायचा. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पेटी मागायला गेलो. घोषदा म्हणाले, "बक्सा किलो से नहीं, पीस से बिकता है."

संदेश पाठवायचा ट्रान्समीटर मिळाला कलकत्त्याजवळच्या बजबजला, एका निवृत्त जहाजी रेडिओवाल्याकडे. लोकलने सियालदहला उतरलो तर पोलिसाने अडवलं. दिवस बॉम्बच्या धास्तीचे होते, तारा लोंबणारी पेटी कुणीही अडवली असती. बापटांनी लायसन्स दाखवून पाऊण तास समजावलं.

"गान शोना जाय?" गाणी ऐकू येतात का, असं त्याने विचारलं.

"ना," बापट म्हणाले.

त्याने आमची कीव केली आणि सोडून दिलं.

चालू सेटमध्ये एक हात घालायचा तर दुसरा खिशात ठेवायचा, हा आमचा नियम. दोन्ही हात लागले तर शॉक छातीतून जातो. बापट घरी लुंगीत असायचे, म्हणून बापटवहिनींनी लुंगीलाच खिसा शिवला. बापट खूश होऊन दुरुस्तीला बसले, खिशात हात घातला, तर आत भाजीची यादी.

सेट दुरुस्त झाला, पण तीन महिने हाका मारूनही कुणी उत्तर देईना. त्यात बापटांची नागपूरला बदली आली. लायसन्स पत्त्याला बांधलेलं. नवा पत्ता चढेपर्यंत किती महिने गप्प बसावं लागेल, कुणास ठाऊक. कलकत्त्यातला शेवटचा रविवार उरला. घरभर बांधाबांध, आणि बापट सकाळपासून संदेश पाठवायची मोर्सची किल्ली बडवतायत. मला त्यांच्याकडे बघवेना.

अकराच्या सुमाराला उत्तर आलं! बारीक, पण स्वच्छ. बापट कागदावर एकेक अक्षर उतरवू लागले, मी खांद्यावरून मोठ्याने वाचू लागलो. गाव नागपूर. नोकरी बँकेत. बापटांच्याच बँकेत. बापट ज्यांच्या जागी जाणार होते, तेच गृहस्थ, त्याच क्वार्टरमधून बोलत होते. बापटांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुन्हा मोठ्याने वाचलं.

वहिनी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच सेटजवळ उभ्या राहिल्या.

"अहो, तिथे नळाला पाणी किती वाजता येतं, ते विचारा."

बापटांनी डोळे पुसले आणि विचारलं.