दगडाच्या कडेवरचं नाव

हे मी कुणाजवळही बोललेले नाही. आबांच्या शेवटच्या दुखण्यात ओठांवर आलं होतं — गिळलं. आता लिहिते आहे, ते रडण्यासाठी नव्हे.

साताऱ्यात आमचं शिक्के कोरण्याचं दुकान. कचेरीचे, देवस्थानांचे पितळी शिक्के. आबांची नजर गेली, दादा पलटणीबरोबर बर्माला गेला, तेव्हा कोरणी कुणी चालवली? मी. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, तिशीतली. गिऱ्हाइकाला मात्र सांगायचं — आबांनी कोरलाय.

लढाई संपली, दादा परतला. हिवतापाने पिवळा, आणि खिशात बोटभर दगडी शिक्का. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या चिनी कारागिराने दादाचं नाव आपल्या अक्षरांत कोरून दिलेलं. कडेला बारीक ओळ — कुणी कोरला, कुणासाठी. दादा म्हणाला, त्यांच्याकडे शिक्का दुसऱ्याचा झाला की तळ घासून नवं नाव कोरतात. कडेची ओळ ठेवतात.

मी म्हटलं, वरचं टोक कोरं आहे, तिथे मला हात चालवू दे.

"तू? लाटण्याची खूण उमटंल!" तो हसला. "सोमवारपास्नं दुकानात मी बसनार. तू चूल बघ, सुंदरे."

आबांनी मान डोलावली. चार वर्षं माझ्या हातावर घर चाललं — आणि आबांनी मान डोलावली!

दुसऱ्या दिवशी दादा लोणंदला, पलटणीतल्या मित्राकडे गेला. घरी राहिलेला तो दगड मी सहाणेवर धरला. पाणी घालून घासला. त्याचं नाव गंधासारखं उतरलं. तिथे मी माझं कोरलं. सुरेख झालं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

लाज आहे ती पुढची. तो शिक्का शोधू लागला तेव्हा मी पीठ मळता मळता म्हणाले, "लोणंदला नेलास की. खिशात घालताना मी बघितलं."

तो परत लोणंदला गेला. फलाट, चहावाला, मित्राचं घर — सगळीकडे विचारून आला. खाली बसला. "आबा, तापानं माझं डोस्कं गेलं वो. मला काय बी आठवंना."

शिक्क्यात अक्षर उलटं कोरायचं असतं. स्वतःच्या डोक्याचा भरवसा गेलेला माणूस ते कसं कोरणार? महिन्याभरात त्याने कोरणी खाली ठेवली. "कचेरीचं काम चुकंल. सुंदरीला बसू द्या." आता तो सांगलीला हळदीच्या वखारीत असतो. कडी लावली का, हे वहिनीला तीनतीनदा विचारतो.

मी एक वाक्य बोलले असते तर? बोलले नाही. मला ती जागा हवी होती. मिळाली. आजही मी तिथेच बसते, आणि उठणार नाही.

दादा, हा कागद तुलाच सांगलीला धाडते आहे. तू काहीही विसरला नव्हतास. दगड माझ्या पेटीत होता. तळाला माझं नाव आहे, कडेला अजून तुझंच. या कागदाखाली तोच उमटवते आहे.